खैराचा ठोकळा

माझी एक खोड आहे. रस्त्यात उभी असलेली टॅक्सी दिसली की तिचं दार उघडायचं आणि लावून बघायचं. घाटकोपर स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्यांनी यावरून मला काय काय ऐकवलंय म्हणून सांगू! "ओ काका, बैठना है तो बैठो, दरवाजा क्यूं तोड रहे हो?" बायको अशा वेळी चार पावलं पुढे जाऊन उभी राहायची, म्हणजे हा गृहस्थ आपल्याबरोबरचा नाही असं लोकांना वाटावं. पण मला राहवत नसे. दार लागताना जो आवाज येतो त्यावरून मी सांगायचो, हे मी बसवलेलं की आमच्या लाइनवरच्या दुसऱ्या कुणी. खोटं वाटत असेल तर वाटू दे. मी बावीस वर्षं मोटारींची दारं बसवली, दुसरं काही केलं नाही.

आमचा कारखाना घाटकोपरहून सायकलने वीस मिनिटांवर होता. पत्रा एका फाटकातून आत यायचा आणि दुसऱ्या फाटकातून मोटार बाहेर पडायची, सगळं इथेच, उपनगरात. मुंबईतल्या बऱ्याचशा टॅक्स्या आमच्याच. लोक गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे, त्यामुळे आमचे साहेब लोक निवांत असायचे. दाबाची यंत्रं जुनी, साचे त्याहून जुने. एक सांगाडा दुसऱ्यासारखा कधी निघायचा नाही. कुठे दाराचा खांब दोन सूत आत, कुठे चौकट वाकडी. अशा सांगाड्याला दार बसवायचं म्हणजे नुसते स्क्रू पिळणं नव्हे. दार लावल्यावर चारी बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे, आणि ते एका हाताने, न आपटता लागलं पाहिजे.

त्यासाठी माझ्याकडे एक ठोकळा होता. खैराच्या लाकडाचा, वीतभर लांब, तीन पायऱ्या पाडलेला. गावच्या घराचं आढं बदललं तेव्हा उरलेल्या तुकड्यातून मीच तासला होता. दार अर्धवट उघडायचं, बिजागरीजवळ दाराच्या आणि खांबाच्या मध्ये ठोकळा धरायचा आणि दार हलकेच आपल्याकडे ओढायचं. बिजागरी केसभर वाकते. कुठल्या सांगाड्याला कुठली पायरी, किती ओढायचं, कधी थांबायचं, हे सगळं हातात. दुसरे फिटर हातोडी मारत बसायचे, दाराला तासभर लावायचे. माझं दार वीस मिनिटांत. नवशिके येऊन म्हणायचे, जरा दाखवा की. मी ठोकळा खिशात टाकून म्हणायचो, "दाखवण्यासारखं काय आहे त्यात? लाकूड आहे ते." हो, होतो मी खडूस. ज्याला डोकं नाही, सर्टिफिकेट नाही, त्याने हातातलं जपून ठेवलं तर काय चुकलं?

एकदा तो ठोकळा सिमेंटच्या फरशीवर पडला आणि तिसऱ्या पायरीचा कोपरा उडाला. त्रिकोणी टवका. मी फार हळहळलो. मग सवय झाली. टवका उडाल्यामुळे ठोकळा घसरायचा, म्हणून तिथे अंगठा दाबून धरायची युक्ती काढली. नवीन करीन नवीन करीन म्हणत राहिलो, केला नाही.

आता त्याच्याबद्दल. त्याचं नाव मी घेत नाही. आमच्या घरात 'तो' एवढंच म्हटलं तरी कळतं. त्याचं गाव खाडीच्या अलीकडे, माझं पलीकडे. एकाच दिवशी कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिलो, एकाच दिवशी लागलो. घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ, तिथल्या एका खोलीत लग्नं होईपर्यंत दोघं राहिलो. मी भात लावायचो, तो माशांचं कालवण करायचा. माझ्या आईचं पत्र आलं की तोच वाचून दाखवायचा आणि उत्तरही तोच लिहायचा, कारण माझं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय फिरवल्यासारखं. तो हुशार. संध्याकाळच्या क्लासला गेला, परीक्षा दिल्या, आमच्याच शॉपचा फोरमन झाला. मुलुंडला ब्लॉक घेतला. शॉपमध्ये मी त्याला साहेब म्हणायचो. फाटकाबाहेर म्हटलं तर पाठीत धपाटा घालायचा. "मेल्या, तुझ्या हातचा करपलेला भात खाल्लाय मी, साहेब कुणाला म्हणतोस?" मला त्याचा अभिमान होता. खरंच होता. सगळ्यांना सांगायचो, आमचा फोरमन माझा भाऊ आहे.

मग ती छोटी गाडी आली. तिकडे दिल्लीच्या बाजूला कारखाना, आणि इंजिन म्हणे जपानी. पहिल्यांदा कारखान्याच्या रस्त्यावर दिसली तेव्हा आम्ही हसलो होतो. साबणाची डबी चाललीय म्हणालो. एकदा कँटीनसमोर कुणी पाहुण्याने उभी केली होती, तेव्हा मी खोडीप्रमाणे जाऊन दार लावून बघितलं. एका बोटाने लागलं. दुसऱ्या बाजूचं लावलं, तेही तसंच. चारी बाजूंची फट एकसारखी, आणि ठोकळा नाही, हातोडी नाही, यंत्राने केलेलं. त्या दिवशी डबा तसाच परत नेला, बायको विचारत राहिली, बरं नाही का.

वर्ष-दोन वर्षांत आमची वाट लागली. लोक नंबर रद्द करून तिकडे बुकिंग करायला लागले. कुठल्याशा इंग्रजी मासिकाने तिला वर्षातली उत्तम गाडी ठरवलं, ते पान कुणीतरी मुद्दाम आमच्या नोटीस बोर्डावर चिकटवलं. मग बातमी फुटली की आपली कंपनीही नवं मॉडेल काढणार, पण इथे नाही. घाटापलीकडे नवा कारखाना उभा राहतोय. जमीन स्वस्त, माणसं नवी. इथला एकेक विभाग उचलून तिकडे न्यायचा. पहिला कुठला, एवढंच ठरायचं होतं.

मला तिकडे जाणं शक्य नव्हतं. बायको महापालिकेच्या इस्पितळात आया, तिची कायमची नोकरी. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. आणि दारांची लाइन गेली तर इथे माझ्यासारख्याला करायला होतं काय? मला दार सोडून काही येत नव्हतं.

त्या सुमारास स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक विभागाने आपली कामाची पद्धत लिहून द्यायची, ज्याची सर्वांत चांगली त्याला खंडेनवमीला मोठ्या साहेबांच्या हस्ते शील्ड. नोटीस एवढीच. त्या रविवारी तो मुलुंडहून घरी आला. बायकोने चहा ठेवला. तो पलंगाच्या कडेला बसून, आवाज उतरवून म्हणाला, "नोटिशीत लिहिलेलं नाही, पण तुला म्हणून सांगतो. जो विभाग जिंकेल तो इथेच राहणार. वरून ठरलंय."

"खरं?"

"माझ्यावर विश्वास नाही काय रे तुझा?"

झालं. यापुढे काय बोलणार? तो म्हणाला, पद्धत तू सांग, लिहितो मी. मी म्हटलं, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. तो हसला. "मी कुणी परका आहे होय?"

चार रविवार तो येत होता. शंभर पानी वही आणायचा. मी ठोकळा हातात धरून, घराच्या कपाटाच्या दारावर करून दाखवायचो आणि तो लिहायचा. कुठल्या वाकड्या खांबाला कुठली पायरी, ओढताना कान कुठे ठेवायचा, बिजागरी कशी कुरकुरली की थांबायचं. तो मध्येच थांबवून विचारायचा, "अंगठा नेमका कुठे?" मी म्हणायचो, "ह्या टवक्यावर." तो लिहायचा: अंगठा कोपऱ्यावर. मला वाटलं, काय मन लावून लिहितोय माझ्यासाठी! बायको आतून म्हणाली होती, "भावोजी, सगळंच काढून घेताय हो यांच्याकडून." आम्ही दोघंही हसलो होतो. तिचं ते बोलणं मला आजही आठवतं आणि स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात हत्यारांची पूजा असायची. त्या दिवशी काम बंद, फाटक घरच्यांसाठी उघडं. यंत्रांना झेंडूच्या माळा, पाटावर लाल कापड आणि त्यावर प्रत्येकाने आपलं हत्यार ठेवायचं. कुणाचा पाना, कुणाची कानस, कुणाचं मोजमापाचं साहित्य. एकदा हळदकुंकू लागलं की त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, तिसऱ्या दिवशी कामावर आल्यावर नमस्कार करून मगच उचलायचं. एरवी माझा ठोकळा रात्री माझ्याबरोबर घरी यायचा, पण पूजेचे दोन दिवस तो तिथेच राहायचा. बावीस वर्षांत कधी कुणाचा साधा स्क्रूसुद्धा हलला नव्हता. देवाच्या पाटावरून कोण उचलणार?

शील्ड आम्हालाच मिळाली. माझं नाव पुकारलं. मोठ्या साहेबांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, तुमच्यासारख्या माणसांवर कंपनी उभी आहे. बायको पहिल्या रांगेत, नवीन साडी, डोळ्यांना पदर. टाळ्या सर्वांत मोठ्याने कोण वाजवत होतं? तोच. मी शील्ड पाटावर नेली, ठोकळ्याशेजारी क्षणभर टेकवली आणि मनात म्हटलं, बाबा रे, वाचवलंस. विभाग राहिला.

दसऱ्याच्या संध्याकाळी तो बायकोमुलांना घेऊन आला. दरवर्षी यायचा. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली, मिठी मारली. वडिलांच्या पाया पडला. श्रीखंड दोनदा वाढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तर पाटावर ठोकळा नाही. सगळ्यांची हत्यारं जागच्या जागी. माझ्या ठोकळ्याच्या जागी कापडावर हळदीचा डाग तेवढा. मी पहिल्यांदा शांतपणे शोधलं. मग बाकडी ओढली, कचऱ्याचे डबे उलटे केले, झाडूवाल्याला धरलं, त्या बिचाऱ्याला वाटेल ते बोललो. तो आला. पांढरा शर्ट घातलेला फोरमन, माझ्याबरोबर गुडघ्यांवर बसून बाकड्यांखाली शोधत होता. शर्टाला ग्रीस लागलं तरी उठला नाही. म्हणाला, "घरच्या मंडळींची गर्दी होती रे. कुणाच्या तरी पोराने खेळणं म्हणून नेलं असेल. नवीन कर तू." मी केला नवीन. खैर मिळाला नाही, बाभळीचा केला. जमलं नाही तसं.

दिवाळी झाली आणि नोटीस लागली. घाटापलीकडे पहिला जाणारा विभाग: दारं. प्रमुख म्हणून फोरमनसाहेबांची बढतीवर नेमणूक.

मी ती नोटीस तीनदा वाचली. कुणीतरी विचारलं, अरे, तुम्ही तर जिंकला होता ना? मी धावत त्याच्या केबिनला गेलो, तर साहेब तिकडे गेलेले. पंधरा दिवस साहेब तिकडेच. मुलुंडला गेलो, वहिनी दारातच म्हणाल्या, ते घरी नाहीत. आत या म्हणाल्या नाहीत. आमची लाइन खोलून ट्रकवर चढली आणि मला स्टोअरमध्ये टाकलं. दिवसभर बिजागऱ्यांची खोकी फळीवर लावायची आणि उतरवायची.

उन्हाळ्यात हुकूम आला: आठ दिवस नव्या कारखान्यात जाऊन तिथल्या माणसांना दार बसवणं दाखवायचं. बायको म्हणाली, जाऊ नका. मी म्हटलं, दारं आहेत, माणसाशी भांडण, दारांशी काय? आणि खरं सांगायचं तर मला त्याला गाठायचं होतं.

नवा कारखाना झकास होता, का खोटं बोलू? फरशीवर जेवायला बसावं असा. मला दारांच्या लाइनवर नेलं. प्रत्येक जागेवर एक खुंटी आणि प्रत्येक खुंटीला टांगलेला एक ठोकळा. ॲल्युमिनियमचा, चकचकीत, वर नंबर कोरलेला. वीतभर लांब, तीन पायऱ्या. मी एक हातात घेतला. थंडगार लागला. मग मी तो फिरवला.

तिसऱ्या पायरीचा कोपरा उडालेला होता. त्रिकोणी टवका. शेजारच्या खुंटीवरचा घेतला, त्यालाही. एकूण बारा ठोकळे होते, आणि बाराही ठोकळ्यांना माझ्या फरशीवर पडून उडालेला तो टवका, मापात ओतून काढलेला.

शेजारी एक फिटर काम करत होता, त्याला विचारलं, हा कोपरा असा का? तो म्हणाला, "अंगठ्यासाठी आहे साहेब. वहीत दिलंय." आणि त्याने माझ्यासमोर दार ओढून दाखवलं, अंगठा बरोबर टवक्यावर दाबून. चांगलं केलं त्याने. कान कुठे ठेवायचा तेही त्याला ठाऊक होतं. मला तिथे शिकवायला काही उरलंच नव्हतं.

मी एक ठोकळा घेऊन त्याच्या काचेच्या केबिनमध्ये गेलो आणि टेबलावर आपटला. तो उठून उभा राहिला. मी रागावलो की माझी मालवणी बाहेर येते. म्हटलं, "माझो ठोकळो खंय आसा?"

तो म्हणाला, "बस आधी."

"खंय आसा?"

"ड्रॉइंगवाल्यांनी मधोमध कापला. पायऱ्यांचं माप घ्यायला. मग... टाकला असेल."

"देवाच्या पाटावरून उचललंस?"

तो टेबलावरचा ठोकळा सरळ करू लागला. मी विचारलं, "जिंकेल तो राहणार म्हणालास. तेव्हा ह्या तुका म्हायत होता?"

त्याने केबिनचं दार लावून घेतलं. मग अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणाला, "अरे, ज्याचं काम कागदावर येतं तोच विभाग हलवता येतो ना. स्पर्धा त्यासाठीच होती. तू दिलं नसतंस तर सीटवाल्यांची लाइन आली असती, आणि त्यांच्या फोरमनची बढती झाली असती. मी काय जन्मभर तिथेच कुजायचं होतं?"

म्हणजे मी गप्प बसलो असतो तर वाचलो असतो. बावीस वर्षं खडूसपणा केला तसा आणखी एकदा केला असता तर. माझी लाइन मीच, चार रविवार, चहा पाजून, त्याच्या हवाली केली. त्या क्षणी मला त्याच्यापेक्षा माझीच चीड आली आणि रडू फुटेल म्हणून मी बाहेर पडलो. आठ दिवसांचं काम होतं, मी दुसऱ्या दिवशी परत आलो. त्याबद्दल मला मेमो मिळाला.

पुढच्या खंडेनवमीला बायकोने घरात पाट मांडला. तिने विळी ठेवली, मुलीची पुस्तकं ठेवली. मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे ठेवायला काही नव्हतं. ती माळ्यावरून शील्ड काढायला गेली, मी म्हटलं, ती ठेवलीस तर मी घरातून जाईन. तिने नाही ठेवली.

दसऱ्याच्या संध्याकाळी तो आला. एकटाच. मला वाटलं नव्हतं येईल. दारात उभा, केस पिकलेले, हातात आपट्याची पानं. वडिलांनी आतून आवाज ओळखला, म्हणाले, "कोण, आमचो झील इलो काय?" तेही त्याला मुलगाच म्हणायचे. त्यांना मी काही सांगितलेलं नव्हतं.

त्याने पानं पुढे केली. "सोनं घे रे."

दसऱ्याला कुणाचं सोनं नाकारायचं नसतं. वैऱ्याचंसुद्धा घ्यायचं असतं, लहानपणापासून हेच केलेलं. माझे हात पाठीमागे होते. मी ते पुढे आणायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. आले नाहीत. तो थोडा वेळ तसाच हात पुढे करून उभा राहिला. मग वाकला, पानं उंबऱ्यावर ठेवली आणि जिना उतरून गेला. बायकोने मागून हाक मारली, "भावोजी, पाणी तरी..." पण तो थांबला नाही.

मी खोलीतच उभा होतो. खाली रस्त्यावर त्याची गाडी होती. कंपनीने दिलेलं नवं मॉडेल, मी ते बघितलंही नव्हतं. गाडीचं दार उघडल्याचं ऐकू आलं, मग लागल्याचं. न आपटता, एका हाताने, भरीव आणि हलकं. वीस टॅक्स्यांची दारं एका वेळी लागली असती तरी मी तो आवाज ओळखला असता.

वडिलांनी विचारलं, "गेलो काय रे तो?"

मी म्हटलं, "गेलो." दार अगदी बरोबर लागलं होतं. ते माझंच होतं.